लाल्या चावला त्याचे अठ्ठावीस दिवस

लाल्या तसा आमचाच. पाळलेला नव्हे, गल्लीतलाच कुत्रा, पण चार वर्षं रोज सकाळी माझ्या हातचं ग्लुकोजचं बिस्कीट खाणारा, दुकानाचं शटर वर केलं की पायरीवर येऊन आडवा होणारा. माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं छोटं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात. लाल्याला गिऱ्हाईकंसुद्धा नावानं ओळखायची. त्यामुळं मागच्या जानेवारीत एका मंगळवारी पहाटे मी किटली घेऊन डेअरीला निघालो आणि हा टेम्पोखालून बाहेर येऊन एक शब्द न भुंकता, न गुरगुरता सरळ पोटरीला चावला, तेव्हा मला पहिल्यांदा दुखलंच नाही, नुसतं आश्चर्य वाटलं. "अरे लाल्या!" एवढंच म्हणलो. त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही, मान खाली घालून तसाच पुढं चालत गेला, वाटेत रिकाम्या पोत्याला चावा घेतला आणि कोपऱ्यावरून वळला. पोत्याला कुत्रं का चावेल, हे त्यावेळी डोक्यात आलंच नाही.

ट्रॅकपँट फाटली नव्हती म्हणून मी दूध घेऊनच घरी आलो (हो, रांगेत उभा राहून घेऊन आलो, मूर्खपणा). घरी पँट वर केली तर चार खुणा, त्यातल्या दोन चांगल्या खोल आणि रक्त ओघळून मोज्यापर्यंत गेलेलं. कापड शाबूत राहिलं तरी आत दात लागतो हे तेव्हा कळलं.

आईनं बघितलं आणि थेट तिखटाचा डबा काढला. "आधी तिखट भर त्यात, इख जळतंय सगळं." शेजारचे अण्णा चुना घेऊन आले. त्यांच्या मते तिखटापेक्षा चुना बरा आणि त्याहून बरा म्हणजे पलीकडच्या वाडीवरचा माणूस, जो मंत्र टाकून काशाची थाळी पाठीला चिकटवतो, विष असेपर्यंत थाळी पडत नाही म्हणे. मी अर्धा घाबरलेला, खरं सांगतो, पाय पुढं करून बसलोच होतो. माझी बायको अंगणवाडीत आहे, तिला ट्रेनिंगमधे हे शिकवलेलं, ती आतनं आली आणि आईला म्हणाली, "आत्या, डबा ठेवा आधी खाली. मिरची भरून नुसती आग होती, बाकी काय होत नाही." आणि माझ्या दंडाला धरून मोरीत नेलं, नळ सोडला, कपड्याचा साबण घेतला आणि मोबाईलवर पंधरा मिनिटांचा टायमर लावला.

पंधरा मिनिटं हे ऐकायला किरकोळ वाटतं. जानेवारीतलं टाकीचं पाणी, उघडी जखम, साबणाची झोंबणारी आग, आणि ही बाई घड्याळाकडं बघत उभी. पाच मिनिटांनी म्हणलं बास की, तर म्हणाली, "दहा राहिलीत." साबण का, तर रेबीजच्या व्हायरसच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं, कोरोनात वीस सेकंद हात धुवा म्हणून जे चाललेलं त्याच्यामागं पण हेच होतं. व्हायरस कुत्र्याच्या लाळेत असतो, दात लागला की लाळ मांसात जाते, आणि पहिल्या काही वेळात तो तिथंच असतो, जखमेत. म्हणजे जे काय धुवून टाकायचं ते तेव्हाच. तिखट, चुना, हळद, कॉफी पावडर भरली की जखम चिडते, आणि वर आपण काहीतरी केलं या समाधानात धुवायचं राहून जातं. त्यानंतर तिनं बीटाडिन लावलं आणि वर पट्टी अजिबात बांधू दिली नाही.

सरकारी दवाखान्यात जायचं म्हणल्यावर माझ्या डोळ्यासमोर आला मामेभाऊ. १९९१ च्या सुट्टीत त्याला कुत्रं चावलेलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली, रोज एक. बेंबीच्या भोवती घड्याळाच्या आकड्यांसारखी जागा बदलत द्यायचे, पोट टणक होऊन फुगलेलं, हसताना पण पोट धरायचा बिचारा. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे. मेंढीला रेबीजचा व्हायरस टोचायचा आणि मग तिच्याच मेंदूची लस करायची, हिमाचलमधल्या कसौलीला डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरनं १९११ मधे ही पद्धत काढली आणि आपल्याकडं ती तब्बल २००४ च्या शेवटापर्यंत चालू होती. त्या लसीनं कधीकधी माणसाच्याच मेंदूला, मज्जातंतूंना इजा व्हायची, लकवा वगैरे. आता ते सगळं बंद होऊन वीस वर्षं झाली तरी गावात अजून कुत्रं चावलं की पहिला शब्द "पोटात चौदा" हाच, आणि त्या भीतीनं किती जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. मी पण मनातनं टाळायलाच बघत होतो.

केसपेपर काढला. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पायाकडं बघून विचारलेले प्रश्न मला अजून पाठ आहेत, कारण एकही मला अपेक्षित नव्हता. कुत्रं ओळखीचं का? तुम्ही काही खोडी काढली का? चावल्यावर किती वेळानं धुतलं? कुत्रं आत्ता कुठंय? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी पेपरवर "कॅटेगरी ३" लिहिलं. म्हणजे असं, नुसतं हात लावला, चारलं, धड कातडीला चाटलं तर कॅटेगरी एक, काही करायचं नाही. रक्त न येता ओरखडा, कुरतडल्यासारखं झालं तर दोन, लस. रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्या-तोंडात लाळ गेली तर तीन, लस आणि सिरम (जखमेत टोचायचं तयार औषध) दोन्ही.

लस म्हणजे दोन्ही दंडांवर एकेक बारीक टोचा. इतकी बारीक सुई की कातडीच्या खाली पण नाही, कातडीतच सोडतात, ०.१ मिली. जिथं सोडली तिथं मोसंबीच्या सालीसारखा खडबडीत छोटा फुगा येतो. सिस्टर म्हणाल्या, "फुगा आला म्हणजे नीट बसलं. दादा, हात चोळायचा नाही." मी म्हणलं एवढंच? तर म्हणाल्या आज, म्हणजे शून्य दिवस, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खाजगीत दंडाच्या स्नायूत देतात ती पाच वेळा असते, चौदावा दिवस धरून. चालतात दोन्ही. फक्त कुल्ल्यावर घ्यायची नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही.

आणि मग कळलं की सिरम संपलंय.

इथं मी हे सविस्तर लिहितोय कारण माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. दवाखान्याचं नाव घेत नाही, त्या मॅडमनी स्वतःहून सगळं सांगितलं, त्यांचा दोष नव्हता. पण खिडकीवर बसलेला माणूस मला म्हणाला, "लस घेतली ना, बास की. सगळे तेवढंच घेत्यात." आणि मी घरी निघालोच होतो. मॅडमनी बाहेर येऊन हाक मारली. त्यांनी समजावलं ते असं, की लस म्हणजे तुमच्या शरीराला शिकवणी. शिकून, शस्त्रं तयार करून उभं राहायला त्याला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर जखमेतला व्हायरस बसून राहणार आहे का? सिरम म्हणजे बाहेरनं आणलेली तयार शस्त्रं, ती थेट जखमेत भरायची, म्हणजे शिकवणी पूर्ण होईपर्यंत वेळ मिळतो. लसीच्या पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत घेतलं तरच उपयोग, नंतर नाही, आणि जेवढं लवकर तेवढं चांगलं. "जिल्ह्याला फोन केलाय मी, तिथं आहे. आजच्या आज जा." चिठ्ठी दिली.

एसटीत खिडकीला बसून मी मोबाईलवर जे काय वाचायचं ते वाचलं आणि वाचायला नको होतं असं पण वाटलं. हा व्हायरस रक्तातनं फिरत नाही. चावलेल्या जागी मांसात थोडा वाढतो, मग जवळच्या नसेच्या टोकात शिरतो आणि नसेच्या आतनं, दिवसाला थोडं थोडं असं, मणक्याकडं आणि तिथनं मेंदूकडं सरकत राहतो. रक्तात नाही म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही, आणि रक्त तपासून रेबीज झालाय का हे आधी कळत पण नाही. मेंदूत पोचला की तिथनं परत लाळेच्या ग्रंथीत उतरतो, म्हणजे लाळेत, म्हणजे पुढच्या चाव्यात. आणि त्याचवेळी मेंदू बिघडवून जनावराला चावरं करतो, घसा आवळून लाळ गिळू देत नाही. एवढासा जीव, नीट बघितला तर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, आणि स्वतःच्या प्रवासाची काय सोय लावलीय बघा. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. पाय मेंदूपासून लांब म्हणून मला जरा वेळ जास्त, तोंडाला किंवा हाताला चावलं तर कमी, लहान पोरांचं अंतरच मुळात कमी. एकदा लक्षणं दिसली की मग औषध नाही, जवळपास शंभरातले शंभर जातात. म्हणजे मधले जे दिवस आहेत ना, नसेतनं तो सरकत असतो ते, तेवढेच आपले.

जिल्ह्याच्या ठिकाणी वजन केलं, ६२ किलो. घोड्याच्या रक्तातनं काढलेलं सिरम किलोमागं ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं असेल तर २०. माझं घोड्याचं, म्हणजे २,४८० युनिट, आठ मिलीच्या आसपास. आधी हातावर थेंबभर टोचून रिअॅक्शन येते का बघितलं, वीस मिनिटं बसवलं. मग पालथं झोपवलं. लस जेवढी सोपी तेवढं हे अवघड, लपवण्यात अर्थ नाही. दाताची प्रत्येक खूण, तिच्या कडेनं सुई आत, थोडं औषध, सुई जरा मागं घेऊन दिशा बदलायची, परत थोडं. एका खुणेला चार-पाच वेळा. पोटरीचं मांस फुगून घट्ट होत जाताना कळत होतं, कणकेच्या गोळ्यात बोट दाबल्यासारखं. मी उशीचा कोपरा दातात धरला होता. शेजारच्या कॉटवर सहा-सात वर्षांची एक मुलगी होती, गालाला चावलेलं, आणि तिला तेच गालात देत होते. तिच्या आईनं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलेलं आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटलेले. त्यानंतर मी उशी सोडली. जखमेला टाके घातले नाहीत, शक्यतो घालत नाहीत, टाक्याच्या सुईनं व्हायरस आणखी आत ढकलला जाऊ शकतो. धनुर्वाताचं एक इंजेक्शन वेगळं.

रात्री घरी आलो तर आईनं विचारलं वांगं चालतं का. म्हणजे पथ्य काय. गावात प्रत्येकानं वेगळं पथ्य सांगितलं, अंडी नको, वांगं नको, तेलकट नको, सहा महिने नदी ओलांडायची नाही. मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "सगळं खा. तारीख तेवढी चुकवू नका."

शुक्रवारी, तिसऱ्या दिवशी, रांगेत माझ्यापुढं एका वस्तीवरचं अख्खं कुटुंब होतं, सात जण, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत. त्यांची म्हैस मेली होती. आधी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं म्हणे, मग म्हैस रेकायला लागली, लाळ गाळायला लागली, दोर तोडायची, आणि पाचव्या दिवशी गेली. तिचं दूध सगळ्यांनी खाल्लेलं, म्हणून सगळे लस घ्यायला. मॅडमनी विचारलं दूध उकळलेलं होतं का. हो, चहाचंच. "मग दुधाची काळजी सोडा, उकळल्यावर काय राहत नाही त्यात." सगळ्यांचे चेहरे सुटले. मग त्यांनी विचारलं, "म्हशीला औषध कुणी पाजलं?" मागं उभा असलेला थोरला मुलगा म्हणाला, काय पाजलं नाही, पण ती गिळत नव्हती आणि लाळ गाळत होती, म्हणून घशात कणसाचा बुरखुंडा अडकलाय असं वाटलं आणि मीच हात घालून बघितला. कोपरापर्यंत. मॅडमनी त्याचा हात उजेडाला धरला. बोटांच्या पेरांवर, मनगटावर बारीक खरचटलेलं, ऊस तोडताना पाचट लागून झालेलं. सगळ्या घराला दुधाची भीती आणि खरा धोका ज्याला होता तो "मला काय नको, म्हातारीला द्या आधी" म्हणत मागं उभा. त्याला मात्र त्याच दिवशी कॅटेगरी तीन. रेबीज झालेलं जनावर गिळू शकत नाही म्हणून लाळ गाळतं आणि आपण मायेनं त्याच्या घशात हात घालतो, या रोगाला याच्याहून सोयीचं काय असणार.

लाल्या सापडत नव्हता. त्याला शोधणं महत्त्वाचं होतं, कारण कुत्र्याच्या लाळेत व्हायरस यायला लागला की ते थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं. चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत व्हायरस नव्हता असं धरतात आणि पुढची लस थांबवता पण येते. म्हणून रोज मी आणि माझा पोरगा स्कूटरवरनं गाव पालथं घातलं. बाजारतळ, मटणाच्या दुकानामागं, स्टँड, कॅनॉलची पट्टी. लांबून लाल कुत्रं दिसलं की पोटात गोळा यायचा, आणि ते दुसरंच निघालं की अजून मोठा. आठव्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी सांगितलं की त्यांनी मंगळवारीच दुपारी लाल्याला कॅनॉलकडं जाताना बघितलेलं, मागचे पाय ओढत, जबडा उघडा, आणि त्यांनी पाण्याची वाटी सरकवली तर तो वाटीत तोंड घालून नुसता खळबळ करत राहिला, पाणी आत जातच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "मला वाटलं ह्याला कुणी मारलं असंल." मी काही बोललो नाही. त्यानंतर शोधणं बंद केलं.

त्या काळात रोज सकाळी उठल्यावर मी एक ग्लास पाणी प्यायचो. तहान म्हणून नव्हे. गिळता येतंय का बघायला. आठवडाभर बायकोच्या लक्षात आलं नाही, मग आलं, मग ती पण रोज ग्लास भरून उशाशी ठेवायला लागली, एकही शब्द न बोलता.

गल्लीत अर्थातच भांडणं झाली. अर्ध्यांचं म्हणणं, तुम्हीच बिस्किटं घालून माजवलीत. बाकीच्यांचं, नगरपालिकेनं सगळी कुत्री उचलून न्यावीत, एकदोघं तर सरळ विषाच्या गोळ्यांवर आले. मला चावलं म्हणून माझ्या मताला जरा वजन आलं होतं, तेव्हा मी सांगितलं ते असं. कुत्री मारून किंवा हाकलून रेबीज जात नाही, रिकाम्या जागेत पलीकडची बिनलसीची कुत्री येतात. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर साखळी तुटते, कारण पिसाळलेलं कुत्रं ज्याला चावेल तो बहुतेक वेळा लसवालाच निघतो. लांब कशाला, गोव्यात हेच केलं. जाळ्या घेऊन गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचत राहिले, शाळांतनं पोरांना शिकवलं, आणि २०२१ मधे तिथल्या सरकारनं रेबीज आटोक्यात आल्याचं जाहीर केलं, त्याआधीची काही वर्षं माणसाचा एकही मृत्यू नव्हता. अण्णा म्हणाले गोव्याची गोष्ट वेगळी. काय वेगळी ते त्यांनी सांगितलं नाही. पण जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चार जणांनी जाऊन गाठलं आणि एका रविवारी आमच्या दोन गल्ल्यांतली एकवीस कुत्री टोचून झाली, धरायला पोरं, आमिषाला माझी बिस्किटं. लाल्याबरोबर फिरणारी काळी कुत्री मात्र त्यात नव्हती, ती पण दिसेनाशी झालेली.

सातव्या दिवसाची लस झाली, मग मोठी सुट्टी, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परत मंगळवार. हीच तारीख सगळ्यात जास्त लोक चुकवतात असं सिस्टर सांगत होत्या, जखम भरलेली असते, भीती गेलेली असते, ऊस चालू असतो. त्या म्हशीवाल्या घरातला थोरला पुढच्या तारखांना आला होता का, मी विचारलं. त्यांनी रजिस्टर उलटं फिरवून बोट ठेवलं, त्याच्या सातव्या दिवसाची लसही घेऊन गेला होता, मोटारसायकलवर, एकटाच.

दोन फुगे आले, चोळले नाहीत. सिस्टरनी कार्डावर चौथी सही केली आणि म्हणाल्या, "दादा, हे जपून ठेवा. पुढं कधी चावलं तर सिरम लागणार नाही, शून्य आणि तिसरा दिवस, दोनच लसी, पण हे कार्ड दाखवायला लागतंय." मी दुकानात आलो, मशीन गरम केलं, कार्ड पाऊचमधे सरळ बसवलं आणि आत सोडलं. आयुष्यात हजारो गुणपत्रिका लॅमिनेट केल्या असतील, हात कधी थरथरला नव्हता. कोपऱ्यात एक बुडबुडा राहिलाय अजून. आईनं ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय, आणि तिखटाचा डबा आता वरच्या फळीवर गेलाय, का ते तिला विचारायची सोय नाही.